कोंबडीच्या आतड्यातील जिवाणूंचे वैविध्य कसे उभे करावे आणि कसे टिकवावे

हॅचरीत यंत्रात उबवलेले पिल्लू आपल्या आईला कधीच भेटत नाही. परसात खुडूक बसलेल्या कोंबडीखाली अंडे फुटते, तेव्हा पिल्लू पहिल्या तासापासून घरट्यातील काडीकचरा, आईची पिसे आणि तिची विष्ठा टोचू लागते, आणि त्यातूनच प्रौढ कोंबडीच्या पोटात स्थिरावलेले अनेक प्रकारचे जिवाणू त्याच्या आतड्यात पोहोचतात. हॅचरीत अंडी आणि यंत्रे निर्जंतुक केली जातात, आणि रोगांचा विचार करता ते योग्यही आहे. पण त्यामुळे पिल्लू आपल्या शेडवर येते तेव्हा त्याचे आतडे जवळजवळ रिकामे असते. त्या रिकाम्या जागेत आधी कोण येऊन बसणार, हे पिल्लांची पेटी, गादीचे (शेडच्या जमिनीवर अंथरायच्या थराचे) तूस, पिण्याचे पाणी, पहिले खाद्य आणि आपले हात यांवर ठरते. म्हणून ब्रॉयलरचे शेड असो वा परसातील गावरान कोंबड्या असोत, आतड्यातील जिवाणूंची काळजी ही रोग आल्यावर घ्यायची गोष्ट नसून पिल्ले उतरवण्याच्या आधीच सुरू होणारे काम आहे, असे माझे ठाम मत आहे.

आधी आतड्याची रचना समजून घ्यावी

कोंबडीच्या पचनमार्गात सगळीकडे सारखेच जिवाणू नसतात. गळ्याखालच्या अन्नपिशवीत खाद्य भिजते आणि तेथे मुख्यतः लॅक्टोबॅसिलस गटातील, म्हणजे आम्ल तयार करणारे, जिवाणू असतात. त्यानंतर जठर आणि पेषणी हा तीव्र आम्लाचा टप्पा लागतो, आणि बाहेरून आलेले पुष्कळ जिवाणू तेथेच मरतात. लहान आतड्यात अन्न वेगाने पुढे सरकते, त्यामुळे तेथे जिवाणूंचे प्रकार कमी असतात आणि लॅक्टोबॅसिलसचेच वर्चस्व राहते. खरे वैविध्य असते ते उंडुकांत. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर, एका टोकाला बंद असलेल्या या दोन नळ्या असतात. त्यांत अन्नाचा बारीक व पातळ भागच शिरतो, तो तासन्‌तास राहतो आणि प्राणवायूशिवाय जगणारे शेकडो प्रकारचे जिवाणू त्यावर काम करतात. उंडुकातील एका ग्रॅम द्रव्यात दहा अब्जांहून अधिक जिवाणू सापडतात.

हे जिवाणू न पचलेल्या तंतूंपासून ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही आम्ले तयार करतात. त्यांपैकी ब्युटिरिक आम्ल हे आतड्याच्या अस्तरातील पेशींचे थेट इंधन आहे; ते पुरेसे मिळाले की अस्तर घट्ट राहते आणि साल्मोनेलासारख्या रोगकारक जिवाणूंना आत घुसणे अवघड जाते. कोंबडीची लघवी वेगळ्या मार्गाने बाहेर पडत नाही. तिचा काही भाग उलट दिशेने उंडुकापर्यंत जातो आणि तेथील जिवाणू त्यातील नत्राचाही उपयोग करून घेतात. इतकी कामे एकाच प्रकारच्या जिवाणूला जमणारी नसतात. एकाने तोडलेल्या तंतूचे अवशेष दुसरा खातो, दुसऱ्याने तयार केलेल्या लॅक्टिक आम्लापासून तिसरा ब्युटिरिक आम्ल बनवतो. वैविध्याला महत्त्व आहे ते या साखळीमुळे. साखळीतील एखादी जागा रिकामी राहिली की ती अनेकदा ई. कोलाय किंवा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स यांसारखा रोग करू शकणारा जिवाणू बळकावतो.

वयानुसार हे जिवाणू बदलत जातात. पहिल्या दोन-चार दिवसांत ई. कोलायच्या कुळातील आणि एंटरोकॉकस गटातील, प्राणवायू सहन करणारे जिवाणू आधी येतात. ते आतड्यातील प्राणवायू संपवतात, आणि मग प्राणवायू न चालणाऱ्या जिवाणूंना उंडुकात जागा होते. साधारण दोन ते तीन आठवड्यांत हा बदल ठळक होतो. ब्रॉयलरचे आयुष्यच सहा आठवड्यांच्या आसपास असल्यामुळे पहिल्या तीन आठवड्यांत झालेले नुकसान भरून काढायला पुढे वेळच उरत नाही. अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबडीला मात्र महिने मिळतात, आणि तिच्या उंडुकातील जिवाणू त्या मानाने अधिक परिपक्व झालेले असतात.

पिल्ले येण्यापूर्वीची तयारी

शेड धुणे, चुना मारणे, निर्जंतुक करणे आणि दोन बॅचमध्ये शेड काही दिवस रिकामे ठेवणे यात कसूर करू नये. आतड्यात जिवाणू हवेत म्हणून शेड अस्वच्छ ठेवावे, असा अर्थ कोणी काढू नये. मागच्या बॅचच्या विष्ठेतून चांगल्या जिवाणूंबरोबर रक्ती हगवणीचे बीजही येते. काही देशांत एकच गादी अनेक बॅचना वापरतात आणि जुन्या गादीवरील पिल्लांचे आतड्यातील जिवाणू लवकर परिपक्व होतात, हे खरे आहे. पण तेथे दोन बॅचमधील गादीची हाताळणी आणि तपासणी काटेकोर असते. आपल्याकडील लहान शेडमध्ये, विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात, जुनी गादी कोरडी ठेवणेच कठीण असते. म्हणून प्रत्येक बॅचला नवे, कोरडे, बुरशी न लागलेले तूस घालावे, हाच मला सुरक्षित मार्ग वाटतो. भाताचे तूस उत्तम. ते न मिळाल्यास शेंगांची टरफले किंवा लाकडाचा जाडसर भुसा चालतो. थर किमान दोन ते तीन इंचांचा असावा.

पाण्याच्या निपल-पाइपमध्ये आतल्या बाजूस चिकट थर साचतो. मागच्या बॅचमध्ये दिलेली जीवनसत्त्वे, गूळपाणी आणि औषधे यांवर तो पोसला जातो, आणि त्यात नको असलेले जिवाणू सुरक्षित राहतात. शेड रिकामे असतानाच पाइपलाइन हायड्रोजन पेरॉक्साइडच्या योग्य तीव्रतेच्या द्रावणाने भरून ठेवावी आणि मग जोराच्या पाण्याने धुऊन काढावी. पाइपच्या शेवटच्या टोकाचे बूच काढून आत बोट फिरवावे. बोटाला बुळबुळीत लागले तर पाइप धुतला गेलेला नाही, असे समजावे.

पहिले चोवीस तास

या काळात पिल्लाच्या पोटात काय जाते आणि किती लवकर जाते, याला पुढच्या कोणत्याही औषधापेक्षा अधिक महत्त्व आहे. उपाशी पिल्लाचे आतडे वाढत नाही. त्याच्या अस्तरावरील बारीक बोटांसारख्या घड्या लांब होत नाहीत आणि आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंना खायलाही काही मिळत नाही. त्यामुळे पिल्ले येण्याच्या आदल्या दिवशीच ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारे साधन) सुरू करून गादी उबदार करावी. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर सुमारे ३२ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान ठेवावे. थंड गादीवर उतरलेले पिल्लू एका जागी गोळा होऊन बसते आणि खाद्यापर्यंत जातच नाही. पिल्लाचे पाय आपल्या गालाला लावून पाहावेत. ते गार लागले तर थर्मामीटर काहीही दाखवत असला तरी गादी थंड आहे.

पिल्ले उतरवल्यावर पाणी आणि खाद्य एकाच वेळी उपलब्ध असावे. चोवीस तासांनी शेडच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतील तीस-चाळीस पिल्ले हातात घेऊन अन्नपिशवी चाचपावी. मानेच्या बुडाशी, छातीच्या वर, किंचित उजवीकडे ती बोटांना लागते. ती भरलेली, गोल आणि मऊ असेल, आतला ऐवज पेजेसारखा हलत असेल, तर पिल्लाने खाद्य आणि पाणी दोन्ही घेतले आहे. ती कडक असून खाद्याचे दाणे बोटांना टोचत असतील, तर पाणी कमी पडते आहे. फुगलेली पण नुसती पाणचट असेल, तर पिल्लाला खाद्य सापडलेले नाही. शंभरातील पंचाण्णव पिल्लांची अन्नपिशवी योग्य प्रकारे भरलेली हवी. त्याहून कमी असेल तर तापमान, उजेड आणि फीडरची जागा या तीन गोष्टी त्याच रात्री दुरुस्त कराव्यात.

चांगले जिवाणू बाहेरून द्यायचे असतील तर तेही याच काळात द्यावेत. या विचाराचा पाया फिनलंडमध्ये घातला गेला. १९७१ मध्ये तेथील ब्रॉयलरमध्ये साल्मोनेला इन्फँटिसचा मोठा प्रादुर्भाव झाला होता. त्यानंतर नुर्मी आणि रंटाला या संशोधकांनी निरोगी प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातील द्रव्य नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना पाजले आणि ही पिल्ले साल्मोनेलाला दाद देत नाहीत असे दाखवले. १९७३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. आधी बसलेले जिवाणू नंतर येणाऱ्या रोगजंतूला जागा आणि खाद्य मिळू देत नाहीत, हे त्यामागचे तत्त्व आहे. पुढे २०१९ मध्ये चेक संशोधकांना असे आढळले की, पिल्लांचा प्रौढ कोंबडीशी केवळ चोवीस तासांचा संपर्क आला तरी तिच्या आतड्यातील बॅक्टेरॉइडिटीस गटाचे जिवाणू पिल्लांत रुजतात. मात्र लॅक्टोबॅसिलस आणि तंतू पचवणाऱ्या अनेक जिवाणूंची कुळे आईकडून नव्हे, तर परिसरातून येतात. हे दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचावेत. गादी, पाणी आणि खाद्य यांचे महत्त्व आईच्या संपर्काने कमी होत नाही.

हे वाचून हॅचरीच्या पिल्लांच्या शेडमध्ये गावातली एखादी कोंबडी आणून सोडण्याचा मोह मात्र कोणीही करू नये. वरून निरोगी दिसणारी कोंबडी साल्मोनेला, मायकोप्लाझ्मा किंवा मानमोडीचा विषाणू बाळगून असू शकते, आणि हजारो पिल्लांच्या शेडमध्ये तो धोका पत्करण्यासारखा नाही.

खाद्य: जिवाणूंपर्यंत काय पोहोचते

जे अन्न लहान आतड्यात पचत नाही, तेच उंडुकातील जिवाणूंचे अन्न होते. ते तंतू असतील तर आम्ले तयार होतात. ती न पचलेली प्रथिने असतील तर अमोनिया आणि आतड्याला त्रासदायक ठरणारी इतर द्रव्ये तयार होतात आणि क्लॉस्ट्रिडियमला बळ मिळते. म्हणून प्रथिन जितके जास्त तितके चांगले, ही समजूत चुकीची आहे. स्वतः खाद्य बनवणाऱ्याने सोयापेंडीचा दर्जा तपासून घ्यावा. कच्च्या राहिलेल्या सोयापेंडीत पचन अडवणारे घटक शिल्लक असतात आणि करपलेल्या पेंडीतील प्रथिन पचत नाही. दोन्हींचा शेवट उंडुकात नको त्या जिवाणूंच्या वाढीत होतो. मासळीची भुकटी फार वापरल्यासही हाच परिणाम दिसतो. मका महागल्यावर गहू किंवा इतर धान्ये मिसळली जातात. गव्हातील न पचणारे चिकट घटक आतड्यातील अन्न दाट करतात, त्यामुळे अशा खाद्यात झायलनेझ हे विकर (एन्झाइम) घालणे आवश्यक असते.

दळण फार बारीक करू नये. भरड कण पेषणीला काम देतात, पेषणी मजबूत होते, तेथील आम्ल वाढते आणि बाहेरून आलेले रोगजंतू तेथेच अडतात. पिठासारखे खाद्य पेषणीत थांबतच नाही. गावरान कोंबड्यांना अख्खी ज्वारी-बाजरी आणि सोबत बारीक खडे मिळतात, हा त्यांचा मोठा फायदा आहे.

मक्याची आर्द्रता साठवताना १३ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असावी. बुरशीचे विष यकृताबरोबर आतड्याच्या अस्तरालाही इजा करते, आणि अस्तर बिघडले की तेथील जिवाणूही बदलतात. करार पद्धतीत खाद्य कंपनीकडून येते, त्यामुळे घटकांवर कोंबडीपालकाचा अधिकार नसतो. तरी पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवणे, जुनी पोती आधी वापरणे, स्टार्टर या सुरुवातीच्या खाद्यावरून पुढच्या खाद्यावर जाताना तीन-चार दिवस दोन्ही मिसळून देणे आणि फीडरच्या तळाशी साचलेला ओला गोळा रोज काढून टाकणे हे त्याच्याच हातात असते. खाद्य एका रात्रीत बदलले की जिवाणूंचा समतोल काही दिवस ढासळतो. विष्ठा पातळ होते आणि गादी ओली पडते.

गादी आणि हवा

पिल्लू दिवसभर गादी टोचत असते. त्यामुळे गादीतील जिवाणू आणि आतड्यातील जिवाणू यांची सतत देवाणघेवाण चालते, आणि ओली गादी म्हणजे आतड्याच्या रोगाची सुरुवातच होय. तपासण्याची रीत सोपी आहे. मूठभर गादी घट्ट दाबून हात उघडावा: ती किंचित चिकटून लगेच सुटी झाली तर आर्द्रता योग्य, म्हणजे साधारण २० ते २५ टक्के आहे, गोळा तसाच राहिला तर ती फार ओली आहे, अजिबात न चिकटता धूळ उडाली तर फार कोरडी. ही तपासणी पाण्याच्या भांड्यांखाली आणि भिंतीलगत करावी, कारण शेडच्या मध्यभागी गादी बहुधा चांगलीच असते. ओले झालेले ढेकूळ उचलून बाहेर टाकावे, उलथून आत गाडू नये. रोज सकाळी गादी हलवावी. ड्रिंकरची कड पक्ष्याच्या पाठीच्या पातळीला असावी. खाली असली की पाणी सांडते.

हवेचा अंदाज पिल्लाच्या उंचीवर घ्यावा. शेडमध्ये उकिडवे बसून दोन मिनिटे श्वास घ्यावा, आणि डोळे चुरचुरले तर पडदे वरच्या बाजूने उघडावेत. हिवाळ्यात ऊब टिकवण्यासाठी पडदे पूर्ण बंद ठेवण्याची सवय अमोनिया वाढवते आणि गादीही ओली करते. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात प्रश्न उलटा होतो. तीव्र उष्णतेत कोंबडीचे रक्त कातडीकडे वळते, आतड्याला रक्त कमी पडते, अस्तर सैल होते आणि जिवाणूंची विषे रक्तात शिरतात. अशा दिवसांत दुपारच्या कडक उन्हाच्या वेळी खाद्य वर उचलून पहाटे आणि रात्री द्यावे, पाणी थंड ठेवावे आणि शक्य असेल तर पक्ष्यांची संख्या आधीच कमी घ्यावी.

विष्ठा वाचायला शिकावे

आतड्यातील जिवाणू डोळ्यांनी दिसत नाहीत, पण त्यांच्या कामाचा निकाल रोज गादीवर पडलेला असतो. साधी निरोगी विष्ठा घट्ट, तपकिरी-हिरवट असते आणि तिच्यावर युरिक आम्लाची पांढरी टोपी असते. याशिवाय दिवसातून मोजक्या वेळा उंडुके रिकामी होतात. ती विष्ठा वेगळी असते. ती गडद तपकिरी, चॉकलेटी, लोण्यासारखी चिकट, चकाकणारी आणि उग्र वासाची असते आणि तिच्यावर पांढरी टोपी बहुधा नसते. नवे पालक तिला हगवण समजून औषध सुरू करतात आणि ज्या जिवाणूंनी ही विष्ठा तयार केली त्यांनाच मारून टाकतात. खरे तर अशी चिकट, एकसारखी उंडुक-विष्ठा गादीवर दिसणे हे उंडुक काम करत असल्याचे चिन्ह आहे.

काळजी करावी ती पुढील बदलांची. उंडुक-विष्ठा फिकट, फेसाळ आणि पातळ झाली, तर न पचलेले अन्न उंडुकात शिरते आहे. साध्या विष्ठेत मक्याचे कण जसेच्या तसे दिसत असतील, तर खाद्य न पचताच पुढे सरकते आहे. नारिंगी, शेंबडासारखे तुकडे आतड्याच्या अस्तराची झीज दाखवतात. विष्ठेत रक्त दिसले तर रक्ती हगवणीचा, विशेषतः उंडुकात वाढणाऱ्या आयमेरिया टेनेला या एकपेशीय परजीवीचा संशय घ्यावा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवावे. रक्ती हगवण आणि जिवाणू यांचा संबंध फार जवळचा आहे. आयमेरियाने अस्तर फोडले की रक्तातील प्रथिने आतड्यात पाझरतात, त्यांवर क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स झपाट्याने वाढतो आणि नेक्रोटिक एन्टरायटिस, म्हणजे आतड्याचे अस्तर सडवणारा रोग, सुरू होतो. म्हणून आयमेरियाचा बंदोबस्त, मग तो लसीने असो वा खाद्यातील औषधाने, हाच जिवाणूंच्या रक्षणाचाही मोठा भाग आहे.

रोज सकाळी एकाच वेळी शेडच्या ठरलेल्या पाच जागी विष्ठा पाहून वहीत टिपण करावे. मेलेल्या पक्ष्याचे शवविच्छेदन पशुवैद्यकाकडून करून घ्यावे आणि आपणही शेजारी उभे राहून पाहावे. निरोगी आतडे गुलाबी व तणावदार असते, कापल्यावर त्याच्या कडा आतल्या बाजूस वळतात. सैल, पातळ, वायूने फुगलेले आणि आरपार दिसणारे आतडे बिघाड सांगते.

प्रतिजैविके: येथे सर्वाधिक संयम हवा

पिल्ले उतरल्याबरोबर तीन ते पाच दिवस प्रतिजैविकाचा 'कोर्स' पाण्यातून देण्याची पद्धत आपल्याकडे अनेक ठिकाणी रूढ आहे. ज्या दिवसांत चांगल्या जिवाणूंनी जागा घ्यायची असते, नेमक्या त्याच दिवसांत आपण ती जागा रिकामी करतो. औषध थांबल्यावर ती भरून निघते, पण कोणी भरायची याची निवड आपल्या हातात राहत नाही, आणि शेडमध्ये टिकून राहिलेले, औषधाला न जुमानणारे जिवाणू तेथे आधी पोहोचतात. बेंबी पिकलेली किंवा हॅचरीतूनच आजारी आलेली पिल्ले असतील तर पशुवैद्यक औषध देतील आणि ते द्यायलाच हवे. पण निरोगी पिल्लांना सवयीने औषध देऊ नये. त्याऐवजी इलेक्ट्रोलाइटचे पाणी, ऊब आणि लगेच खाद्य पुरेसे असते.

दुसरी बाब खाद्यातून कमी मात्रेत दिल्या जाणाऱ्या वाढवर्धक प्रतिजैविकांची. खाद्याच्या पोत्यावरील लेबल वाचावे. बॅसिट्रासिन, एन्रामायसिन अशी नावे तेथे दिसू शकतात. स्वीडनने अशा वापरावर १९८६ मध्ये आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून बंदी घातली. स्वीडनमध्ये सुरुवातीला नेक्रोटिक एन्टरायटिस वाढला होता; खाद्यातील प्रथिने मर्यादित करून, विकरे वापरून आणि शेडचे व्यवस्थापन सुधारून तेथील पालकांनी तो आटोक्यात आणला. यातून आपल्यासाठी क्रम ठरतो: आधी गादी, पाणी आणि खाद्य सुधारावे, मग वाढवर्धक थांबवावे. उलट क्रमाने गेल्यास नुकसान होते. भारत सरकारने कोलिस्टिन हे प्रतिजैविक अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत वापरण्यास जुलै २०१९ मध्ये बंदी घातली आहे. ते माणसांच्या गंभीर संसर्गातील शेवटच्या काही औषधांपैकी एक आहे. कोणी ते देऊ केल्यास घेऊ नये.

उपचार म्हणून प्रतिजैविक द्यावेच लागले, तर शक्यतो जिवाणूंची संवेदनशीलता तपासून, पूर्ण मात्रेत आणि सांगितलेल्या दिवसांपुरतेच द्यावे, आणि विक्रीपूर्वीचा औषधबंद काळ पाळावा. औषध संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पाच-सात दिवस प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवंत जिवाणूंचे उत्पादन, द्यावे. त्या काळात खाद्य बदलू नये, लसही पशुवैद्यकाला विचारूनच द्यावी.

प्रोबायोटिक विकत घेताना आणि देताना

बाजारात मुख्यतः लॅक्टोबॅसिलस, एंटरोकॉकस, बॅसिलस सबटिलिस आणि यीस्ट यांची उत्पादने मिळतात. बॅसिलस बीजाणूच्या रूपात असतो, त्यामुळे तो पेलेट बनवतानाची उष्णता सहन करतो आणि खाद्यातून देता येतो. लॅक्टोबॅसिलस नाजूक असतो. तो पाण्यातून, थंड वेळी द्यावा. पुडीवर जिवाणूचे नाव, प्रति ग्रॅम जिवंत जिवाणूंची संख्या, मुदत आणि साठवणीचे तापमान स्पष्ट नसेल तर ते उत्पादन घेऊ नये. क्लोरीन घातलेल्या पाण्यात प्रोबायोटिक टाकले की जिवाणू मरतात. म्हणून आदल्या दिवसापासून क्लोरीन थांबवावे, किंवा लसीकरणाच्या वेळी करतात तसे लिटरमागे अडीच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी घालून क्लोरीन निष्प्रभ करावे, आणि काही तासांत संपेल इतकेच पाणी तयार करावे. देणे संपल्यावर पाइपलाइन धुऊन पुन्हा क्लोरीन सुरू करावे.

एक किंवा दोन जातींचे जिवाणू पुडीतून देऊन वैविध्य तयार होत नाही. ते लहान आतड्यात काही काळ मदत करतात, देणे थांबले की बहुतेक निघूनही जातात. हे समजून वापरले तर प्रोबायोटिक उपयोगी आहे. ओल्या गादीवरचा उपाय म्हणून ते विकत घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे.

परसातील गावरान कोंबड्यांसाठी

खुडूक कोंबडीखाली निघालेली पिल्ले तिच्याबरोबर डालग्याखाली वाढतात आणि पुढे उकिरडा उकरत फिरतात; त्यांच्या उंडुकातील जिवाणूंचे वैविध्य उभे करण्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. येथे काम आहे ते धोका कमी करण्याचे. खुराडे रोज झाडावे आणि आठवड्याला चुना मारावा. मानमोडीची लस चुकवू नये, जंतांचे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावे. बुरशी आलेली भाकरी, बियाण्याला चोळलेले औषधी धान्य आणि फवारणी केलेल्या शेतातील पाला यांपासून कोंबड्यांना दूर ठेवावे. लसूणघास, शेवग्याचा पाला आणि अझोला यांतून तंतू मिळतात. ताज्या ताकाचे थोडे पाणी देण्यास हरकत नाही, पण ते मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात द्यावे आणि दोन-तीन तासांत उरलेले फेकून भांडे घासावे. गावरान कोंबड्यांत बाजारातून आणलेली नवी कोंबडी थेट सोडू नये. किमान दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावी.

प्रयोगशाळेत नमुना पाठवताना

नेहमीच्या रोगनिदान प्रयोगशाळा, उदाहरणार्थ पुण्यात औंध येथील पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग, रोगजंतू शोधतात आणि त्यांवर कोणते औषध चालेल ते सांगतात. वैविध्य मोजणे ही वेगळी तपासणी आहे. त्यात विष्ठेतील सर्व जिवाणूंचा डीएनए काढून '१६ एस' नावाच्या जनुकाचा क्रम वाचतात, कारण उंडुकातील बहुसंख्य जिवाणू साध्या पद्धतीने प्रयोगशाळेत वाढवता येत नाहीत. ही तपासणी महाग आहे आणि एका शेडच्या रोजच्या निर्णयासाठी तिची गरज नाही. शेतकरी गट, हॅचरी किंवा खाद्य कंपनी एखादा बदल तोलून पाहत असेल तेव्हाच ती करावी.

नमुन्यासाठी ताजी उंडुक-विष्ठा घ्यावी. स्वच्छ कागद अंथरून त्यावर पक्षी काही वेळ ठेवावेत, आणि गादीचा कण न लागलेला मधला भाग निर्जंतुक चमच्याने डबीत भरावा. किमान दहा-बारा पक्ष्यांचे नमुने वेगवेगळे ठेवावेत, कारण एकाच शेडमध्ये एकच खाद्य खाणाऱ्या पक्ष्यांतही जिवाणू बरेच वेगळे असतात आणि एका पक्ष्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा ठरतो. डब्या लगेच बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवाव्यात. ते शक्य नसल्यास डीएनए टिकवणारे द्रावण प्रयोगशाळेकडून आधीच मागून घ्यावे. प्रत्येक डबीवर वय, जात, खाद्य, दिलेली औषधे व लसी आणि शेवटच्या औषधाची तारीख लिहावी.

अहवालात वैविध्याचा एक आकडा येतो. तो एकटा वाचू नये. पाच दिवसांच्या पिल्लाचा आकडा पस्तीस दिवसांच्या पक्ष्यापेक्षा कमीच असणार, आणि रोगी आतड्यातही काही वेळा प्रकार वाढलेले दिसतात. तुलना नेहमी सारख्या वयाच्या पक्ष्यांशी, शक्यतो त्याच शेडमधील आधीच्या बॅचशी करावी. आणि आकड्याबरोबर ब्युटिरिक आम्ल तयार करणारे फिकॅलिबॅक्टेरियमसारखे जिवाणू किती आहेत, ई. कोलायचे कूळ वयाच्या मानाने जास्त आहे का, आणि त्याच काळातील वजन, खाद्य-वजन गुणोत्तर व गादीची नोंद काय सांगते, हे शेजारी मांडून मगच खाद्यात किंवा औषधांत बदल करावा.